विहीणबाईंची भाषा

दर रविवारी सकाळी दहा वाजता अरुणाताई पांढरीपांडे इस्त्रीचा कुर्ता घालून, केस नीट विंचरून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयपॅड उभा करत. पलीकडे पेरू देशातल्या डोंगरावरचं मातीच्या भिंतींचं एक घर उजळायचं. आधी दिसायचा नंदन, त्यांचा एकुलता एक मुलगा. मग सून नाइदा हात हलवायची. सात वर्षांची नात अवनी आईच्या मागून अर्धं तोंड दाखवून पळून जायची. आणि मग खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसायच्या सातुर्निनाबाई, म्हणजे नाइदाची आई, अरुणाताईंच्या विहीणबाई.

विहीणबाई बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. दोन मिनिटं, कधी तीन. हात हलवत, मध्येच डोळ्यांना बाही लावत. त्यांना स्पॅनिश जेमतेम, इंग्रजीचा गंध नाही. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या बोलतात ती केचुआ हीच त्यांची भाषा. त्यांचं सगळं बोलून झालं की नंदन कॅमेऱ्याकडे वळून सांगायचा, "आई, त्या म्हणतायत एव्हरीबडी मजेत आहे."

"एवढंच?"

"अँड... बटाटे चांगले आलेत या वर्षी."

आता तीन मिनिटांत माणूस किती बटाटे सांगेल? अरुणाताईंनी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली होती. नळीत किती आलं आणि रिपोर्टात किती उतरलं, हे ताडून बघण्यात त्यांची हयात गेलेली. मधल्या मध्ये काहीतरी गळतंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. पण बोलायच्या नाहीत. पोरगा लांब असला की आई जपून बोलते. उगाच काही विचारावं आणि पुढच्या रविवारी फोनच आला नाही तर, अशी धास्ती असते.

अरुणाताई नागपूरच्या. लग्न होऊन १९८३ साली कॅनडात आल्या त्या विंडसरला. चारुदत्तराव तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. पुढे दोघं लंडनला स्थायिक झाली. हे कॅनडातलं लंडन. नागपूरचे नातेवाईक अजूनही फोनवर राणीच्या राजवाड्याची चौकशी करतात आणि अरुणाताई आता खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. नंदन इथेच जन्मला, इथेच शिकला, पाण्याच्या योजना करणारा इंजिनिअर झाला आणि दोन वर्षांसाठी म्हणून पेरूला गेला. त्या दोन वर्षांना आता अकरा वर्षं होतील.

जाणं होतंच राहिलं होतं. अवनी झाली त्याच्या पुढच्या वर्षीची तिकिटं काढली, तर चारुदत्तरावांना पक्षाघात झाला. मग महामारी. मग चार वर्षं अंथरुणाला खिळलेला नवरा गेला. मग अरुणाताईंच्याच हृदयात दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी बजावलं, सात हजार फुटांच्या वर पाऊल टाकायचं नाही. विहीणबाईंचं गाव साडेबारा हजार फुटांवर. तिकडच्यांनी इकडे यावं तर नाइदाचा व्हिसा दोनदा झाला नाही, आणि आईला सोडून अवनी दारापर्यंतसुद्धा जायची नाही. वडील गेले तेव्हा नंदन एकटाच धावत आला आणि नऊ दिवसांत परत गेला.

म्हणजे अरुणाताईंनी आपल्या नातीला सात वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. हे वाक्य त्या मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हणायच्या नाहीत. नागपूरच्या भावाला फोन करायचा तर साडेनऊ-साडेदहा तासांचा हिशोब मांडावा लागे, पण त्या डोंगरातलं घड्याळ हिवाळ्यात अगदी लंडनच्या बरोबरीनं चाले. सकाळी चहाचं आधण ठेवताना त्यांना वाटायचं, आत्ता तिकडेही चूल पेटली असेल, आत्ता अवनी उठली असेल. या एकाच वेळेचं सुख होतं आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

अशाच एका नोव्हेंबरात, ड्राइव्हवेवरचा पहिला बर्फ शोव्हल करायला शेजारचा आरव येऊन गेला तेव्हा, त्यांनी ठरवलं की विहीणबाईंची भाषा शिकायची. एकाहत्तराव्या वर्षी. नंदनला सांगायचं नाही.

शोधाशोध केल्यावर मॉन्ट्रियलच्या रुफिनाबाई सापडल्या. त्या मूळच्या पेरूतल्या कुस्कोकडच्या, विहीणबाईंच्याच मुलखातल्या. दिवसा एका शाळेत काम करायच्या आणि मंगळवारी दुपारी ऑनलाइन केचुआ शिकवायच्या. बोलताना मध्येच फ्रेंच डोकावायची. वर्गात विद्यापीठातली पाच गोरी पोरं आणि सहाव्या अरुणाताई.

पहिल्याच तासाला रुफिनाबाईंनी सांगितलं, "आमच्या भाषेत छोटे शब्द वेगवेगळे फिरत नाहीत. एक शब्द घ्यायचा आणि त्याला मागून जोडत जायचं." मग त्यांनी वासी हा शब्द घेतला. वासी म्हणजे घर. वासीय, माझं घर. वासीयकी, तुझं घर. वासीयकीपी, तुझ्या घरात. वासीयकीमांता, तुझ्या घरातून. पोरांचे चेहरे उतरले. एकानं विचारलं, "आणि हे सगळं एकाच शब्दात?"

अरुणाताईंना हसूच आलं. त्यांनी माइक सुरू केला. "माझ्या भाषेत घर आहे. घरी, घरात, घरातून, घरापर्यंत. आणि 'घरच्यांनासुद्धा'. त्यात पाहुणे सोडून सगळे आले."

"मॉ द्यू! अरे देवा!" रुफिनाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या डोंगरातल्या?"

"नागपूरला डोंगर नाहीत," अरुणाताई म्हणाल्या, "टेकड्या आहेत."

त्या दिवसापासून वर्गात त्यांचा भाव वधारला. पोरं जिथे डोकं धरून बसायची तिथे अरुणाताई सुळ्ळकन पुढे जायच्या. केचुआत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत: न्योकायकु म्हटलं तर समोरचा बाहेर, न्योकांचिक म्हटलं तर समोरचा आत. इंग्रजीत दोन्हीकडे 'वुई'. पोरांना ते तीन आठवडे पटेना. अरुणाताईंना त्यात शिकण्यासारखं काय आहे हेच कळेना. क्रियापदामागे 'चि' लावला की खाणं हे खाऊ घालणं होतं. वाक्यात 'मि' आला तर बोलणाऱ्यानं ते स्वतः पाहिलंय, 'सि' आला तर ऐकीव. "अहो, हे तर आमचं 'म्हणे'!" अरुणाताई ओरडल्या. "पाऊस पडतोय म्हणे. ती आली म्हणे."

लॅबमधून निवृत्त होताना नळ्यांवर चिकटवायच्या लेबलांची दोन पाकिटं त्यांच्याबरोबर घरी आली होती. आता ती उपयोगी पडली. फ्रीजच्या दारावर वासी, त्याच्या मागे एकेक शेपूट. दुसऱ्या ओळीत मिखुय, खाणं. तिसऱ्या ओळीत रिय, जाणं. सकाळी दूध काढायला दार उघडलं की आख्खं वाक्य हातात यायचं. घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्या फ्रीजशीच मोठ्यानं बोलायच्या.

फेब्रुवारीत 'नाया' आला. "इच्छेचा प्रत्यय," रुफिनाबाई म्हणाल्या. "मिखुनायावान. मला खावंसं वाटतंय. इच्छा तुम्ही करत नाही, ती तुम्हाला होते. हे समजवायला मला फार कष्ट पडतात."

अरुणाताईंना काहीच कष्ट पडले नाहीत. मला जावंसं वाटतं, मला भेटावंसं वाटतं. आपण कुठे करतो? ते आपल्याला होतं, आणि झालं की धड बसूही देत नाही. त्या दिवशी त्यांनी फ्रीजवर लेबल लावलं, रिकुनायावान. बघावंसं वाटतंय. कुणाला, ते लिहायची गरज नव्हती. मग त्यांनी तासानंतर थांबून हळूच विचारलं, नवरा गेला, हे कसं सांगायचं? रुफिनाबाई म्हणाल्या, नुसतं रिय म्हणजे जाणं. मध्ये 'पु' घातला की रिपुय, निघून जाणं, मागे न वळता. अरुणाताईंनी ते वहीत लिहिलं. फ्रीजवर लावलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी विहीणबाई नेहमीसारख्या खुर्ची ओढून बसल्या. अरुणाताई नेहमीसारख्या मान डोलवत होत्या. सगळं थोडंच कळत होतं! शब्दांचा लोंढा वाहायचा आणि त्यातून त्यांच्या हाताला एखादं लाकूड लागायचं: थंडी, मेंढरं, नंदनचा गुडघा. आणि एकदम एक वाक्य आख्खंच्या आख्खं आत आलं.

"हाइकाकमी हामुंकी चुकचांता रुतुक?"

हाइकाक, कधी. हामुंकी, तू येशील. चुकचा, केस. रुतुय, कापणं. तिचे केस कापायला तू कधी येणार?

नंदन कॅमेऱ्याकडे वळला. "आई, त्या विचारतायत तुझी तब्येत कशी आहे."

"खोटं," अरुणाताई म्हणाल्या.

"व्हॉट?"

"त्या विचारतायत, मी तिचे केस कापायला कधी येणार. कुणाचे केस, नंदन?"

नाइदानं नवऱ्याकडे बघितलं. विहीणबाईंना काही कळलं नाही, पण अरुणाताईंच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं की बोलणं पोचलंय. त्या पुढे सरकल्या. नंदननं कपाळावर हात मारला आणि उठून फोन हातात घेऊन अंगणात गेला.

"आई, तुला आठवतंय? अवनी सव्वा महिन्याची होती तेव्हा तू काय म्हणालीस?"

आठवत नव्हतं. मग आठवलं. बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं होतं, डोक्यावर काळंभोर दाट जावळ. त्या हर्षानं म्हणाल्या होत्या, "मी आल्याशिवाय जावळ काढायचं नाही हं! सांग तुझ्या सासूबाईंना. पहिली कात्री माझी."

आता हे आपल्याकडे कोण म्हणत नाही? आत्या म्हणते, मावशी म्हणते, शेजारीण म्हणते. मी आल्याशिवाय बारसं करू नका, मी आल्याशिवाय पेढे वाटू नका. म्हणणारी म्हणते, ऐकणारी हो हो म्हणते, आणि मुहूर्त येतो तेव्हा जो असेल त्याच्या मांडीवर बसवून जावळ उतरतं. कुणी कुणाचा हिशोब धरत नाही. ती माया करायची एक रीत आहे.

पण त्या डोंगरातही पहिले केस उतरवायची रीत होती, आणि ती खेळीमेळीची नव्हती. तिथे मोठं जेवण घालतात, गाव बोलावतात, आणि पहिली बट कापणारी बाई त्या लेकराची जन्मभराची धर्ममाता होते. तो मान मागून घेतला की सोडता येत नाही. दूरदेशीच्या विहिणीनं तो आपणहून मागितला, म्हणून विहीणबाईंना धन्य वाटलं होतं. त्यांनी शब्द घेतला आणि वाट बघत बसल्या.

"सात वर्षं?" अरुणाताईंचा आवाज चिरकला.

"बाबा आजारी, मग कोविड, मग तुझं हार्ट. दर वर्षी मी त्यांना म्हणायचो, नेक्स्ट इयर. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. आय जस्ट... मॅनेज केलं."

"आणि पोरीचे केस?"

नंदननं दाराकडे कॅमेरा वळवला. आतमध्ये अवनी पाठमोरी बसून काहीतरी चित्र काढत होती. अरुणाताई आजवर त्या वेण्या तिकडची फॅशन समजत होत्या. आज नीट बघितलं. वेण्या कमरेच्या खाली गेल्या होत्या आणि शेवटाकडे गुंता होऊन जटा झाल्या होत्या. "शाळेत चिडवतात तिला," नंदन म्हणाला. "शी नेव्हर कंप्लेन्स."

तो आठवडा अरुणाताईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. ग्रोसरी आणायला गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. आपल्या तोंडून सहज निघालेलं एक वाक्य, आणि तिकडे एक लेकरू सात वर्षं ते डोक्यावर वागवतंय! स्वतःचा संताप आला, नंदनचा आला. मग रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपली इतकी वाट कुणीतरी बघत होतं आणि आपल्याला ते माहीतच नव्हतं. या रिकाम्या घरात त्या स्वतःला कुणाच्याच खिजगणतीत नसलेली बाई समजून बसल्या होत्या.

मंगळवारी त्यांनी रुफिनाबाईंकडून वाक्यं घटवून घेतली. मी वर येऊ शकत नाही. माझं हृदय आजारी आहे. माझ्यासाठी थांबू नका, कापा. रुफिनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे. पण तुम्हाला खरंच हेच म्हणायचंय का?"

"लेकराला त्रास होतोय," अरुणाताई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी नंदनला बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, आज तू बोलायचं नाहीस. विहीणबाई समोर आल्या. अरुणाताईंनी वही न बघता सगळं म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "रुतुयचिक." कापा तुम्ही.

विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. आपली विहीण आपल्या भाषेत बोलतेय याचं त्यांना आधी नवल वाटलं, आणि ती काय बोलतेय ते मग उतरलं. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तशा, म्हणाल्या, म्हणजे तू येणारच नाहीस. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "विहीनबाइल्याय," त्या म्हणाल्या. नंदनकडून उचललेला मराठी शब्द, मागे त्यांचं मायेचं शेपूट: माझी गं विहीणबाई.

कुणीतरी कात्री आणायला उठलं असावं. एवढ्यात मागून किंचाळी आली. नेहमी लपणारी अवनी धावत पुढे आली, दोन्ही हातांनी वेण्या छातीशी गच्च धरून, आणि विहीणबाईंवर ओरडली. अरुणाताईंकडे तिचं लक्षच नव्हतं. कॅनडातल्या आजीला हे कळत नाही अशीच तिची समजूत होती.

"मानान! रुतुक्तियकिचिक्का मानान हामुंकाचु!"

नंदन घाईनं म्हणाला, "आई, ती म्हणतेय—"

"कळलं मला."

नाही. तुम्ही कापलेत तर ती येणार नाही.

अरुणाताई टेबलाची कड धरून बसल्या. चिडवाचिडवी, गुंता, जटा, सगळं सोसून ही पोर केस सांभाळत होती, कारण केस आहेत तोवर आजीला यावंच लागेल. आणि आजी आज मोठ्या मनानं तिला मोकळं करायला निघाली होती!

आयुष्यभर अरुणाताईंनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. माझ्यासाठी कशाला त्रास, तुम्ही तुमचं बघा, माझं काय. नवऱ्याला तेच, मुलाला तेच. त्या त्याला संस्कार म्हणायच्या. आज त्यांना त्याची किळस आली.

"नंदन, ती तुमची राजधानी लीमा किती उंचावर आहे?"

"लीमा? इट्स ऑन द कोस्ट, आई. समुद्राकाठी."

"मग तिला खाली घेऊन ये. विहीणबाईंनाही. मला माझ्या नातीला भेटायचंय. मला त्रास द्यायचाय तुम्हाला."

"आई, कुस्कोहून बसनं एकवीस तास लागतात. त्या कधी डोंगर उतरल्या नाहीत. आणि तू कधी म्हणाली नाहीस..."

"आता म्हणतेय. त्यांना विचार. नाही, मीच विचारते."

मोडकंतोडकं विचारलं. विहीणबाईंनी ऐकलं, मागे वळून मेंढरांच्या गोठ्याकडे एकदा बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. मेंढरं शेजारीण बघेल. अवनी मात्र वेण्या सोडायला तयार नव्हती. पडद्याकडे तिरक्या नजरेनं बघत होती, विश्वास ठेवू की नको अशी.

अरुणाताईंच्या ओठांवर शब्द आलाच होता, नक्की येते हं बाळा. त्यांनी तो गिळला. तोंडचा शब्द एकदा देऊन झाला होता. "सुयायचिक," त्या म्हणाल्या. थांबा. आयपॅड तसाच ठेवून त्या बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर गेल्या.

पासपोर्टची मुदत बघायची, डॉक्टरांकडे निरोप ठेवायचा, टोरांटोहून लीमाचं विमान शोधायचं. पोरांना चुटकीसरशी जमतं ते करायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. तिकिटाचा कागद प्रिंटरमधून निघाला तेव्हा त्यांना वाटलं, एव्हाना फोन बंद करून सगळे जेवायला गेले असतील. वर आल्या.

सगळे तसेच बसले होते. विहीणबाई खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. नंदन जमिनीवर. अवनी पडद्याला नाक लावून.

अरुणाताईंनी कागद तिच्यासमोर धरला आणि सत्तावीस जुलै या तारखेवर बोट ठेवलं. "लीमामान हामुसाक," त्या म्हणाल्या. लीमाला मी येणार.

अवनी एकेक अक्षर लावत तारीख वाचत राहिली. मग तिनं पाठीवरची एक वेणी पुढे घेतली आणि कॅमेऱ्याकडे सारली, इतकी जवळ की सबंध पडदा काळाभोर झाला. अरुणाताईंनी त्यावर तळहात ठेवला. त्यांना हुंदका आला, आणि तो त्यांनी दाबला नाही.